‘तीन दिवसांत पेपर छापून देतो’ असा मेल आला तर?

परभणीत 2023 पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. उद्या तिथल्या एखाद्या तरुण डॉक्टरने जिंतूर, गंगाखेडच्या गावांत फिरून गरोदर बायकांच्या ॲनिमियाची माहिती गोळा केली, तर ती पुढे जाणार कुठे?

नीट छापली गेली तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत स्थानिक बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. हजार जन्मांमागे 62 नवजात दगावायची, तो आकडा 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, जगभर वाचला गेला. 2011 मध्ये सरकारने घरच्या घरी बाळाच्या तपासणीचं काम देशभर आशाताईंकडे दिलं. आज परभणीतही बाळ घरी आलं की आशाताई दार वाजवते, ती यामुळेच.

आता दुसरी बाजू. मेडिकल कॉलेजात प्रमोशनसाठी पेपर लागतात, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सचं दुकान जोरात चालतं. तज्ज्ञांकडून तपासणी फक्त नावाला. 2018 मध्ये यूजीसीने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून 4,305 जर्नल्स काढून टाकली. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तीही 2025 मध्ये बंद झाली. थोडक्यात, पारख आता ज्याची त्याने करायची.

मग शिकायचं कुठे? आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स ऑनलाइन आहे, घरबसल्या करता येतो. प्रश्न कसा निवडायचा, नमुना किती घ्यायचा, प्रोटोकॉल कसा लिहायचा, हे त्यात कळतं. पण व्हिडिओ बघून लिहिता येत नाही, असं आमचं स्पष्ट मत. मसुद्यावर लाल पेन चालवणारा सिनियर हवाच, आणि नव्या कॉलेजांत तोच मिळणं अवघड.

तोवर एवढं करा. आयएसएसएन नंबर बघून भुलू नका, तो फक्त नोंदणीचा नंबर असतो, दर्जाचा शिक्का नाही. संपादक मंडळातल्या दोघांना थेट मेल करून विचारा, तुम्ही खरंच तिथे आहात का? आणि पैसे भरल्याशिवाय छापतच नाहीत, हा गैरसमज काढून टाका. मुंबईहून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ लेखकाकडून पैसे घेत नाही.