बंदुकीची निगा : लेखांक 6
दस्त्याचे लाकूड

मागील लेखांकात नळ्यांची आतून स्वच्छता आणि गंजाचा बंदोबस्त यांचा विचार झाला. आता दस्त्याकडे वळावयाचे. वास्तविक मालकाचा गाल आणि तळहात ज्याला प्रत्यक्ष लागतो असा बंदुकीचा भाग हाच; परंतु पोलादाच्या काळजीत सारा उत्साह संपल्यावर लाकडाच्या वाट्याला बहुधा चकचकीत व्हार्निशचा एक डबा तेवढा येतो, आणि कारागिराने तेलावर जोपासलेले अक्रोडाचे लाकूड कचेरीतील नव्या खुर्चीच्या हातासारखे दिसू लागते.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांकडून नातवाकडे आलेल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकांत बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचा माल अद्याप आढळतो. अन्सन आणि डीली यांनी 1875 साली ज्या घडणीचे पेटंट घेतले, त्या बॉक्सलॉक घडणीच्या बंदुका आपण येथे उदाहरणादाखल घेऊ. या घडणीत घोडे पोलादी अ‍ॅक्शनच्या पोटात दडलेले असतात आणि दस्त्याचे डोके त्या पोलादाला मागून घट्ट भिडलेले असते. बंदूक नळ्या वर करून वर्षानुवर्षे उभी ठेवली, की यंत्रात सोडलेले तेल हळूहळू खाली उतरून याच डोक्यात मुरते, लाकूड काळे पडते आणि कालांतराने इतके मऊ होते की बाराच्या धक्क्याला ते पुरे पडत नाही. जुन्या दस्त्यांना मनगटाशी ज्या चिरा दिसतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ या अतिरिक्त तेलात असते.

बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून नळ्या आणि पुढचा लाकडी भाग उतरवून ठेवावेत. याखेरीज दुसरा स्क्रू घरी फिरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर 1959 च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम परवान्यावाचून बंदुकीच्या दुरुस्तीची मुभा देत नाही, आणि दस्ता अ‍ॅक्शनपासून विलग करणे ही गोष्ट त्या सीमेच्या फार जवळ जाते. दुसरे असे की विलायती स्क्रूंच्या खाचा अतिशय अरुंद असतात आणि बाजारातील पेचकस त्यांत बसत नसल्यामुळे पहिल्याच झटक्याला त्या कायमच्या विद्रूप होतात. ज्याला दस्ता सुटा हवा असेल, त्याने तो परवानाधारक कारागिराच्या हवाली करावा.

जुने व्हार्निश काढण्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारा रिमूव्हर चालतो, जुन्या तेलाचा थर टर्पेंटाइनने सुटतो. काचेच्या तुकड्याने खरवडण्याची जी सवय काही सुतारांना असते, ती येथे पूर्णतः निषिद्ध समजावी. काळ्या पडलेल्या भागावर चॉकपावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा जाड लेप द्यावा, तो वाळला की झटकून पुन्हा द्यावा. मुरलेले तेल पावडरीत थोडे थोडे ओढले जाते आणि लेप पिवळा पडेनासा झाला म्हणजे काम झाले असे मानावे. खळग्यांचा इलाज याहून गमतीचा आहे. लाकूड नुसते दबले असेल, तर त्यावर ओला फडका ठेवून वरून तापलेल्या इस्त्रीचे टोक टेकवावे, म्हणजे वाफ आत शिरून चेपलेले तंतू फुगतात आणि खळगा वर येतो. परंतु ज्या ठिकाणी तंतू तुटलेच आहेत, त्या ठिकाणी वाफेचा काही उपयोग नाही, आणि तो ओरखडा घासून नाहीसा करण्याच्या नादात दस्त्याचा आकार बिघडवण्यापेक्षा तो बंदुकीच्या चरित्राचा भाग म्हणून राहू द्यावा हे बरे.

घासण्याच्या कामात खरी कसोटी लागते ती लाकूड आणि पोलाद जेथे मिळतात त्या रेषेवर. चांगल्या बंदुकीत लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवलेले असते. तेथे पॉलिशपेपर फिरला की ती उंची जाते, धातूची कड उघडी पडते आणि गेलेले लाकूड कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून त्या कडेपासून बोटभर अंतरावर थांबावे, धातूवर चिकटपट्टी लावावी, मनगटावरील चौकड्यांची नक्षी झाकून घ्यावी, आणि कागद बोटांवर न घेता सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेनेच, 320 नंबरने सुरुवात करून चालवावा. नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसून उष्णतेजवळ धरले की सूक्ष्म तंतू ताठ उभे राहतात. ते कापावेत, पुन्हा ओलवावे, पुन्हा कापावेत. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर लाकूड उठेनासे होते. हा क्रम जो टाळतो, त्याचा दस्ता पहिल्याच पावसाळ्यात खरखरीत होतो.

आता तेल. ज्याला आपले रंगारी बेलतेल म्हणतात ते उकळलेले जवसाचे तेल, कच्च्या तेलापेक्षा लवकर वाळते, कारण त्यात वाळवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. दोन्हींचे वाळणे म्हणजे पाण्यासारखे उडून जाणे नव्हे, तर हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होणे होय. विलायती कारागीर तेलाला लालसर छटा आणण्यासाठी त्यात अल्कॅनेटची मुळी भिजत घालतात. आपल्याकडे रतनजोत म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी मुळी त्याच कुळातील, आणि तिचाही रंग पाण्यात न उतरता तेलात उतरतो. पहिला हात 400 नंबरच्या कागदानेच तेलासकट घासावा, म्हणजे लाकडाची भुकटी आणि तेल यांचे जे लुकण होते ते अक्रोडाची रंध्रे भरून काढते. पुढचे हात मात्र थेंबाथेंबाने, तळहात ऊन होईपर्यंत चोळून द्यावेत आणि वर राहिलेले तेल पुसून टाकावे. जाड थर आतून कच्चा राहतो, वर चिकट साय धरतो, आणि ती साय काढण्यास आरंभापासून सारे करावे लागते. दमट हवेत वाळण्याला फार विलंब लागतो आणि कच्च्या तेलावर बुरशीही धरते, यास्तव आपल्या किनारपट्टीवर हे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे.

तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकणे हा प्रकार मात्र जिवावर बेतू शकतो. तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडते, गोळ्यात ती कोंडते, आणि काडी न लावता फडका पेट घेतो. याकरिता प्रत्येक फडका उघड्यावर सुटा पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा.

दस्त्याच्या टोकाची पट्टी कारागिराकडून काढून घेतलीच असेल, तर तिच्याखालच्या उघड्या तंतूंना तेलाचे दोन हात अधिक द्यावेत, कारण ओल शिरते ती मुख्यतः तेथूनच. नक्षीच्या खाचांना तेल फक्त दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने, कोरडेकोरडे लावावे. झिजलेल्या खाचा पुन्हा कोरण्याचा विषय निराळा आहे; त्याची हत्यारे आणि रेषांची मापे पुढील लेखांकात घेऊ.