घरातील इंटरनेट मंदावते तेव्हा

सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिक्षकांचे प्रशिक्षण, ग्रामपंचायतीचे दाखले अशी अनेक कामे आज इंटरनेटद्वारे होतात. अर्जाचा अखेरचा दिवस असावा आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावरील चकती फिरत राहावी, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी सरसकट कंपनीला दोष दिला जातो किंवा घाईने अधिक महाग योजना घेतली जाते. वस्तुतः दोष कित्येकदा घरातच असतो. म्हणून तो घरातला की बाहेरचा, हे प्रथम ठरविणे अगत्याचे आहे.

दोष कोठे आहे?

नळाला पाणी कमी आले, तर गावची जलवाहिनी आणि घरातील नळ यांची वेगवेगळी तपासणी करावी लागते. येथेही तसेच आहे. इतर उपकरणे बंद करून एक संगणक केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. केबलवर वेग पुरेसा मिळाला व वाय-फायवर मिळाला नाही, तर दोष घरातील बिनतारी व्यवस्थेत आहे असे समजावे. २०० मेगाबिटची योजना असूनही केबलवरील वेग १०० च्या जरा खालीच अडखळत असेल, तर जुना राउटर अथवा केबलमधील तुटलेली तार हे त्याचे संभाव्य कारण होय. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट माहिती उतरते, हेही ध्यानी असावे.

घरातील उपाय

राउटर लोखंडी कपाटामागे किंवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा. बहुतेक नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिल्याच्या लहरी जाड भिंतींतून दूरवर पोहोचतात, पण वेग कमी देतात. दुसऱ्याचा वेग अधिक, पण पल्ला कमी. जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. शिवाय मायक्रोवेव्ह भट्टीचाही अडथळा होतो. येथे १, ६ व ११ या परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची निवडावी. राउटर अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू केल्यानेही कधी कधी अडचण दूर होते. संकेतशब्द शेजारीपाजारी पसरला असल्यास तो बदलावा.

दोष बाहेरचा असल्यास

केबलवरही वेग कमी असेल, तर सकाळी, दुपारी व रात्री मोजणी करून नोंद ठेवावी. केवळ रात्रीच वेग घटत असेल, तर बाहेरच्या जाळ्यावरील गर्दी हे कारण संभवते. फायबर काचेची असते. ती दारात चेमटल्यास वा काटकोनात वळविल्यास प्रकाशसंदेश क्षीण होतो. ‘एलओएस’ हा लाल दिवा लागल्यास संदेश घरापर्यंत पोहोचतच नाही, असे जाणावे. त्याची दुरुस्ती कंपनीनेच करावयाची असते. तक्रार नोंदविताना तिचा क्रमांक अवश्य मागून घ्यावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार, समाधान न झाल्यास ग्राहकास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते.

वेगाची नोंद हाती असली की तक्रारीस वजन येते. शाळा व ग्रामपंचायतींनीही अशी एक वही ठेवल्यास अर्जाच्या अखेरच्या दिवसाची धावपळ पुष्कळ टळेल.