बाटलीतील गुळवेल खरी कशावरून?

२०२० च्या टाळेबंदीत मध्यमवर्गीय घरांत जे अनेक नवे नेम सुरू झाले, त्यांत सकाळचा काढा आणि गुळवेलीच्या गोळ्या यांचा नेम बराच रूढ झाला. आमचे घरही त्याला अपवाद नव्हते. आईसाठी गोळ्या आणावयास गेलो असता दुकानदाराने तीन बाटल्या पुढे ठेवल्या. तिन्हींवर त्याच वेलीचे चित्र. किमतीत मात्र जवळजवळ चौपटीचा फरक. ‘यांतली चांगली कोणती?’ असे विचारता उत्तर मिळाले, ‘महाग ती चांगली, सर.’ वर्गात वर्षानुवर्षे किंमतनिश्चिती शिकविणारा मी निरुत्तर झालो आणि महागडी बाटली घेऊन घरी आलो.

तो निर्णय किती पोकळ होता, हे पुढे उमगले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांच्या पाहण्यात आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. ही माहिती २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेल्या पदार्थाचे पृथक्करणच झालेले नाही. गुळवेल, म्हणजे ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’, हिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही वेल त्यांच्या पोटात गेली असणे शक्य आहे, असा मंत्रालयाचा युक्तिवाद होता. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. मंत्रालय मात्र गुळवेल निर्धोक असल्याच्या मतावर ठाम राहिले.

या वादात निवाडा देण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या अध्यापकाला नाही. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. डॉक्टरांचे म्हणणे खरे असेल, तर ग्राहकाला धोक्याची सूचना मिळावयास हवी होती. मंत्रालयाचे म्हणणे खरे असेल, तर गुळवेल म्हणून भलतीच वेल विकली जाऊ शकते, हे मान्य करावे लागते. कोणताही पक्ष धरला, तरी ग्राहक अंधारातच राहतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही अवस्था विशद केली. विक्रेत्याला मालाचा कस ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो, ती चांगल्या मालाला परवडत नाही आणि अखेरीस वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. मोटारीचा दोष निदान महिनाभरात कळतो. आंबा तर वासावरूनच पारखता येतो. वनस्पतीच्या गोळीचे तसे नाही. ती खाऊनही कस कळत नाही. बरे वाटले तर गोळीमुळे, न वाटले तर प्रकृतीमुळे, अशी आपली समजूत असते.

मग कस म्हणजे नेमके काय? पहिला प्रश्न ओळखीचा: वनस्पती तीच आहे काय? दुसरा अंगाचा: अश्वगंधेचे मूळ वापरावयाचे, परंतु पाला स्वस्त पडतो, म्हणून पाने वापरू नयेत, असे उत्पादकांना २०२१ साली सरकारला सांगावे लागले. तिसरा मात्रेचा: गोळीत नुसते चूर्ण आहे की अर्क, आणि किती? चौथा शुद्धतेचा. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग अशी आहे. ती जिभेला कळत नाही, प्रयोगशाळेलाच कळते.

अर्थात प्रयोगशाळाही सर्वज्ञ नव्हे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने डीएनए चाचणीच्या आधारे चार मोठ्या दुकानसाखळ्यांना काही वनौषधी विक्रीतून काढावयास लावल्या. तेव्हा तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की अर्क काढताना डीएनए नष्ट होतो; तो सापडला नाही, म्हणून वनस्पती नव्हती असे ठरत नाही. आक्षेप रास्त होता. तात्पर्य हे, की कच्च्या मालाची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली, घटकांची मोजणी रासायनिक पद्धतीने आणि धातूंची स्वतंत्रपणे, अशा अनेक चाचण्या एकत्र कराव्या लागतात.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. उलट दरवाजे दोन आहेत. एकच वनस्पती १९४० च्या औषध कायद्याखाली आयुर्वेदीय औषध म्हणून येते, किंवा २०१६ च्या नियमांनुसार अन्नपूरक म्हणून, ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा सूचनेसह येते. फळीवर दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी असतात आणि ग्राहकाला फरक उमगत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला परंपरेचा: हजारो वर्षे वापरलेल्या वनस्पतीला प्रमाणपत्र कशाला? परंतु पूर्वी वैद्य स्वतः वेल ओळखून आणवीत असे आणि रोग्याची नाडीही तोच पाहत असे. ज्ञान आणि माल एकाच हाती होते. बाजाराने ते वेगळे केले. परंपरा वेलीची ग्वाही देते, बाटलीची नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा: लहान उत्पादक चाचण्यांनी बुडेल. वस्तुतः आज बुडतो तो प्रामाणिक लहान उत्पादकच, कारण आपला माल चोख आहे हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते आणि जाहिरातीचे बळ तर नसतेच. सरकारी वा सहकारी प्रयोगशाळांत वाजवी दरात चाचणीची सोय झाली, तर तो खर्च घाणीतील हजारो गोळ्यांवर विभागला जाईल.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक बॅचचा चाचणी अहवाल जाहीर व्हावा आणि तो वाटेल त्या ग्राहकाला पाहता यावा. तोपर्यंत आपण शास्त्रीय नाव, वनस्पतीचे अंग, दर गोळीतील प्रमाण, बॅच व परवाना क्रमांक एवढे तरी पाहावे. ज्या बाटलीवर ते नाही, ती फळीवरच राहू द्यावी. आणि घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नये.

त्या महागड्या बाटलीवर वेलीचे सुंदर चित्र होते. तिचे शास्त्रीय नाव मात्र कोठेही नव्हते. आईने गोळ्या संपविल्या, तिला काही झाले नाही. परंतु तिने नेमके काय घेतले, हे आजही मी सांगू शकत नाही.