जीप उंच केली, पण चाक हवेतच!

पावसाळ्याच्या रात्री डोंगरातल्या वस्तीवरून एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, की सगळ्यांना गावातली जुनी जीप आठवते. एरवी दुधाचे कॅन, वैरण, खताची पोती वाहणारी हीच गाडी तेव्हा रुग्णवाहिका होते. नेमकी अशा वेळी ती ओढ्याच्या उतरणीला तिरकी होते. पुढचे एक चाक दगडावर चढते, मागचे त्याच बाजूचे चाक अधांतरी. ॲक्सिलेटर कितीही दाबा, हवेतले चाक गरागरा फिरते आणि गाडी काही हलत नाही.

"आमची जीप तर लय उंच केलीय, मग अडकते कशी?" असे तुम्ही म्हणाल. तर मंडळी, दुखणे बहुधा त्या उंचीतच आहे.

साध्या डिफरेन्शियलचा स्वभाव असा, की ज्या चाकाखाली जमीन नाही ते मोकळे फिरत राहते आणि जमिनीवरच्या जोडीदाराला जोर मिळत नाही. फोर-व्हील असली तरी पुढचे एक आणि मागचे एक चाक एकदमच हलके झाले, तर तीही हरते. म्हणून खडबडीत वाटेवर गाडी किती उंच आहे यापेक्षा चारही चाके जमिनीला किती धरून राहतात, याला महत्त्व. त्यासाठी पाट्यांनी लवचिक राहायला हवे.

आपल्याकडच्या महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांना पुढे-मागे पाटेच असतात. यातल्या कितीतरी गाड्या पूर्वी वडापला होत्या. दहा-पंधरा माणसे कोंबायची म्हणून मालकाने मागे जादा पाटे भरले. पुढे कुणी दगड लागू नयेत म्हणून आणखी एखादा पाटा घालून गाडी उचलली. वडाप सुटले, गाडी शेतात आली, पाटे मात्र तसेच राहिले. रिकाम्या गाडीला ते आता दबतच नाहीत.

पाट्याचा हिशेबही लक्षात ठेवा. रुंदी आणि लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट केली, तर पाटा दुप्पट नव्हे, आठपट कडक होतो. ८ मिलिमीटरचा एक पाटा ६ मिलिमीटरच्या दोन पाट्यांपेक्षाही कडक भरतो. भंगारातून मिळाला म्हणून ट्रकचा जाड पाटा जीपला घालणे म्हणूनच महागात पडते.

आधी घरीच तपासा

सपाट जागी पुढचे एक चाक भक्कम दगडी चौथऱ्यावर हळूहळू चढवा. बाकीच्या चाकांना उटी लावा. त्याच बाजूचे मागचे चाक किती उंचीला जमीन सोडते, ते टेपने मोजून लिहून ठेवा. मग त्या चाकाच्या शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा. चाक आणखी खाली उतरले, तर समजा की शॉकॲब्सॉर्बर आखूड पडतो आहे. गाडी उंच केली आणि शॉकॲब्सॉर्बर जुनाच ठेवला, की तो दोरीसारखा चाकाला वर धरून ठेवतो. काही फरक पडला नाही, तर दोष पाट्यांत किंवा बुशात शोधा.

स्वस्तातले उपाय

पहिला उपाय म्हणजे जादा घातलेला पाटा काढणे. याला पैसा लागत नाही. दोन्ही बाजूंचे सारखेच पाटे काढा. डोळा असलेला मुख्य पाटा आणि त्याच्या लगतचा आधाराचा पाटा यांना हात लावू नका.

दुसरा उपाय साफसफाईचा. वर्षानुवर्षांच्या चिखलाने आणि गंजाने पाटे एकमेकांना चिकटतात आणि एकसंध लोखंडासारखे वागतात. सुटे करून तारेच्या ब्रशने घासा आणि मध्ये ग्रीस भरून पुन्हा बांधा. पाटे आवळून धरणाऱ्या क्लिपा दाबून बसवू नका, पण काढूनही टाकू नका.

तिसरा उपाय शॅकल आणि बुशचा. जाम झालेला शॅकल पाट्याला लांब होऊ देत नाही. ग्रीसचे निपल असेल तर ग्रीस मारा. रबरी बुश असेल तर बोल्टची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असतानाच करा. जॅकवर आवळले तर रबर पिळून राहते आणि लवकर फाटते.

शॉकॲब्सॉर्बर आखूड असेल तर योग्य लांबीचा घ्या. चाक पूर्ण खाली असताना तो पुरता ताणला जाऊ नये आणि पूर्ण वर असताना तळाला टेकू नये.

इथे काटकसर नको

चाक जास्त खाली उतरू लागले की ब्रेकचा रबरी पाइप ताणतो. तो तुटला तर घाटात काय होईल, ते सांगायला नको. म्हणून चाक पूर्ण लोंबकळत ठेवून पाइप बघा आणि प्रॉपेलर शाफ्टचा सरकता सांधाही बघा. वरचे रबरी ठोकळे काढू नका. पाटे खोलताना चासीखाली भक्कम घोडे लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. सेंटर बोल्ट सोडताना पाटे उसळतात, ते आधी शिकंज्यात धरा. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घेतलेले बरे.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. तेव्हा लांब शॅकल आणि लोखंडी ठोकळे घालून गाडी आणखी उचलण्याच्या नादी लागू नका. त्याने पुढच्या चाकांचा कोन बिघडून स्टिअरिंग भरकटू शकते, ते वेगळेच. जादा पाटे काढून गाडी मूळ रूपाकडे नेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

अर्थात मऊ गाडी जास्त भार घेणार नाही आणि वळणावर थोडी झुलेल. तिच्यात पंधरा माणसे भरू नका, डांबरी रस्त्यावर बेताने चालवा. हे पथ्य पाळले, तर ग्रीसचा डबा, बुश आणि मिस्त्रीची मजुरी एवढ्यावर बरेचसे काम भागते. मृग निघायच्या आत जीप एकदा त्या चौथऱ्यावर चढवून बघाच. चाक हवेत राहते हे ओढ्यात, अंधारात, मागे पेशंट असताना कळण्यापेक्षा अंगणात कळलेले बरे.