तीन मिलिमीटरची खाच, तीन मीटर पाऊस

पेण तालुक्यातले गडब मुंबई-गोवा महामार्गावर, वडखळ आणि नागोठण्याच्या मध्ये लागते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला अंबा नदी, धरमतरची खाडी आणि खारेपाटातली शेती. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाडीवरून येणारी हवा खारी असते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातला काळा पृष्ठभाग सहज साठ अंशांच्या वर तापतो. अशा गावातल्या अंगणात किंवा गच्चीवर स्लॉट कारचा ट्रॅक बांधायचा झाला, तर घरात मांडायच्या खेळण्याचे नियम तिथे चालत नाहीत. ते गवंड्याचे, सुताराचे आणि वायरमनचे एकत्र काम होते, आणि म्हणूनच ते समजून घेण्याजोगे आहे.

स्लॉट कार म्हणजे खाचेतून धावणारी विजेवरची छोटी मोटार. सर्वांत रुळलेले प्रमाण १:३२ आहे. त्या मापात साडेचार मीटरची खरी गाडी चौदा सेंटिमीटरची होते. ट्रॅकमध्ये साधारण तीन मिलिमीटर रुंद आणि सात-आठ मिलिमीटर खोल खाच असते. गाडीच्या नाकाखालचे एक पाते त्या खाचेत उतरते. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांत सुमारे बारा व्होल्टची डीसी वीज खेळते. पात्याला लावलेल्या तांब्याच्या मऊ वेण्या या पट्ट्यांना घासत जातात आणि मोटरला वीज पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात एक ट्रिगर असतो. तो दाबावा तशी वीज वाढते. स्टिअरिंग नाही, ब्रेकचे पेडल नाही. वळण येण्यापूर्वी ट्रिगर नेमका किती सोडायचा, एवढ्यावर सगळे कौशल्य. चुकले की गाडी खाचेतून उसळून बाहेर.

या खेळाला घराघरांत नेले ते इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांची मिनीमॉडेल्स ही कंपनी आधी स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी बनवत असे. १९५७ साली त्यांनी त्यांत विजेची मोटर बसवून स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणले. पुढच्याच वर्षी तो व्यवसाय लाइन्स ब्रदर्सकडे गेला आणि आज ते नाव हॉर्नबीकडे आहे. सुरुवातीच्या ट्रॅकचे तुकडे रबराचे होते, प्लॅस्टिक नंतर आले. जर्मनीत १९६३पासून कॅरेरा उभी राहिली. बाहेर ट्रॅक मांडणाऱ्यांच्या दृष्टीने या दोन कंपन्यांत महत्त्वाचा फरक आहे: कॅरेराच्या तुकड्यांतल्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, तर स्केलेक्स्ट्रिकच्या साध्या पोलादी पट्ट्या दमट हवेत लवकर गंजतात. खाडीकाठच्या गावात हा फरक पहिल्याच पावसाळ्यात डोळ्यांना दिसेल.

पण पावसाशी झुंजणारा छोटा मार्ग म्हटला की रायगडकरांच्या मनात आधी येते ती नेरळ-माथेरानची गाडी. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून तो मार्ग १९०७ साली पुरा झाला. रुळांतले अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवण्याची रीत आहे. वरचा अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा तेवढा चालू असतो. तरीही २००५च्या जुलैत पावसाने मार्ग उखडला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१९च्या पावसात तो पुन्हा वाहून गेला आणि पूर्ण मार्गावर गाडी धावली ती ऑक्टोबर २०२२मध्ये. या दुरुस्तीत जाळ्यांमध्ये दगड भरून उभारलेल्या भिंती वापरल्या गेल्या. अशा भिंतीतून पाणी झिरपून निघून जाते, म्हणून मागे दाब साठत नाही आणि भिंत टिकते.

योगायोग असा की त्याच १९०७ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ब्रुकलँड्स हा मोटार शर्यतींसाठीच बांधलेला मार्ग खुला झाला. त्याची वळणे इतकी तिरपी आणि उंच होती की त्यांवर डांबर घालणे अवघड होते. म्हणून तो उघड्या काँक्रीटचा केला. वर्षे गेली तसे काँक्रीट ठिकठिकाणी खचले आणि गाड्या तिथे हवेत उडू लागल्या. १९३९नंतर तिथे शर्यत झाली नाही. २००९च्या ऑगस्टमध्ये बीबीसीच्या कार्यक्रमासाठी जेम्स मे यांनी स्वयंसेवकांना हाताशी धरून त्याच मार्गाच्या रेषेवर स्केलेक्स्ट्रिकचे तुकडे जोडत साडेचार किलोमीटरहून लांब ट्रॅक मांडला आणि गिनीज विक्रम झाला. तो उघड्यावरचा होता, पण तात्पुरता. वर्षानुवर्षे जागेवर राहणाऱ्या ट्रॅकचे गणित वेगळे असते.

त्या गणितात पाऊस दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला क्रमांक उन्हाचा.

तापले की सगळेच पसरते, पण सारखे पसरत नाही. रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत पृष्ठभागाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला, तर तीन मीटर लांबीचे काँक्रीट सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढते. तेवढेच तांबे दोन मिलिमीटर वाढते. पीव्हीसीचा तक्ता मात्र आठ मिलिमीटरांपर्यंत जातो. तीन मिलिमीटरच्या खाचेसाठी आठ मिलिमीटर म्हणजे उत्पात. तक्ता दोन्ही टोकांना घट्ट आवळला असेल तर तो मधेच फुगून वर येतो, खाच वाकडी होते आणि तिच्या कडेला चिकटवलेली तांब्याची पट्टी सुरकुतते किंवा तुटते. ट्रॅक पावसाने खराब झाला असे अनेकदा वाटते. खरे तर तो त्याआधीच्या मे महिन्यात खिळखिळा झालेला असतो आणि पाणी फक्त त्या फटीतून आत शिरते.

म्हणून सामान निवडतानाच अर्धे काम होते. घरातल्या ट्रॅकसाठी जगभर एमडीएफ वापरतात, कारण त्यात राउटरने खाच सुबक निघते. गडबच्या हवेत एमडीएफ एका पावसात फुगून पावासारखा होईल. मरीन प्लाय बरा, पण तो आयएस ७१० प्रतीचा हवा आणि खाच पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यायला हवेत. प्लाय पाणी पृष्ठभागातून कमी आणि कापलेल्या कडेतून जास्त पितो. साइनबोर्डवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड, म्हणजे फेसाळ पीव्हीसीचा तक्ता, पाणी पीत नाही, कुजत नाही, वाळवी लागू देत नाही, आणि त्यांच्याच सीएनसी यंत्रावर खाच नेमकी कापून मिळते. गच्चीसाठी तोच सोयीचा. अट एवढीच की प्रत्येक तक्ता एकाच बोल्टने पक्का करायचा आणि बाकीच्या बोल्टांची भोके लांबट ठेवायची, म्हणजे तक्त्याला सरकायला जागा राहते. दोन तक्त्यांमधली फट सरळ न कापता तिरपी कापली तर चाक तिच्यात एकदम पडत नाही. पट्ट्यांचा जोड वरून न देता खालून वायरचा सैल वेढा ठेवून द्यायचा. ऊन पीव्हीसीला ठिसूळ करते, म्हणून वरून बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक रंग हवाच, आणि तो फिकट राखाडी असावा. काळा ट्रॅक खऱ्या डांबरासारखा दिसतो, पण उष्णताही तितकीच ओढतो.

अंगणात कायमचा ट्रॅक हवा असेल तर काँक्रीटला तोड नाही, आणि कोकणातल्या गवंड्याला त्यातले बहुतेक सगळे आधीपासून येते. मुरूम, दगडाचे सोलिंग, त्यावर जमिनीपासून निदान दोन फूट उंच जोते. जोत्यामुळे पाणी चढत नाही आणि खेळणाऱ्याला फार वाकावेही लागत नाही. वरच्या थरात मोठी खडी चालत नाही, बारीक ग्रीट लागते. खाच चकतीच्या कटरने कापता येत नाही, कारण चकती वळणावर वळत नाही. त्यासाठी तीन मिलिमीटर जाडीची लवचीक प्लॅस्टिकची पट्टी तेल लावून हव्या त्या वळणात उभी करायची, तिच्या दोन्ही बाजूंनी माल भरायचा, घोटाई करायची आणि माल आळला पण पुरता कडक झाला नाही अशा वेळी पट्टी हळूच ओढून काढायची. ती वेळ ओळखणे हीच या कामातली खरी कारागिरी आहे. लवकर ओढली तर कडा ढासळतात, उशीर झाला तर पट्टी तुटते. पुढे आठवडाभर ओली गोणपाटे, आणि दर दीड-दोन मीटरवर सोडलेला सांधा.

आणि ढाळ. कोब्याला देतात तसाच, शंभराला एक. खाच हा ट्रॅकचा सर्वांत खोलगट भाग, त्यामुळे सगळे पाणी तिथेच धावते. तिच्या तळाला दर दोन फुटांवर आठ मिलिमीटरचे आरपार भोक ठेवले नाही तर ती नालीच होऊन बसते. खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या बांधांना उघाडी असते: भरतीला समुद्र अडवायचा आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे. नुसता बांध घालून शेत वाचत नाही, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रॅकवर जाड रंगाचे थर चढवून पाणी अडवू पाहणाऱ्यांपेक्षा भोके पाडणाऱ्यांचे ट्रॅक जास्त टिकतात, याचे कारणही हेच.

विजेचा भाग नाजूक आहे. ओले काँक्रीट थोडी वीज वाहून नेते, म्हणून पट्ट्यांखाली इपॉक्सीचा अखंड थर लागतो. खाचेत पाणी असताना वीज चालू राहिली, तर दोन पट्ट्यांमध्ये विद्युत-अपघटन सुरू होते आणि धन बाजूची पट्टी झिजत जाते. खाऱ्या हवेत हा वेग आणखी वाढतो. कल्हई केलेली तांब्याची विणलेली पट्टी इथे साध्या चिकटपट्टीपेक्षा सरस. चिकटपट्टीचे तांबे फार पातळ असते: सहा मिलिमीटर रुंद, एका मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतक्या जाडीच्या पट्टीतून एक अँपिअर वीज दहा मीटर जाऊन परत आली, तर दीड व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च होतो आणि लांबच्या वळणावर गाडी मंदावते. म्हणून ट्रॅकखालून जाड तार फिरवून दर तीन-चार मीटरवर पट्टीला वीज द्यावी लागते. मुख्य वीज घराच्या आतच राहावी आणि बाहेर फक्त बारा व्होल्ट यावेत, यात तडजोड नको. मुले अनवाणी, ओल्या हाताने खेळतात.

तांबे चुंबकाला ओढत नाही, त्यामुळे गाडीला पट्ट्यांवर धरून ठेवणारे तिच्या पोटातले चुंबक अशा ट्रॅकवर निरुपयोगी होतात आणि गाडी वळणावर शेपूट टाकते. अनेक जाणत्या खेळाडूंना हेच आवडते, कारण वेग चुंबकाच्या जिवावर मिळत नाही, हाताने कमवावा लागतो. नवख्यांसाठी मात्र चुंबकाला ओढणाऱ्या स्टेनलेसच्या पट्ट्या ठेवलेल्या बऱ्या.

पावसाळ्यात हा ट्रॅक बंद ठेवायचा, माथेरानच्या गाडीसारखाच. ताडपत्री अंगाबरोबर घट्ट बांधली तर आत वाफ कोंडते आणि शेवाळ दुप्पट वाढते. वर हातभर अंतर ठेवून पत्र्याची उतरती पडवी केली तर वारा खेळता राहतो. दसऱ्याच्या सुमारास उघडीप पडली की बांबूच्या कामटीने खाच साफ करायची, तळाची भोके मोकळी करायची, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून मल्टिमीटरने प्रत्येक जोड तपासायचा. फेऱ्या मोजण्याची अडचण तेव्हाच कळते. घरात वापरतात ते इन्फ्रारेड डोळे कोकणातल्या लख्ख उन्हात आंधळे होतात, कारण सूर्यप्रकाशातही तेच किरण असतात. त्यावर दोन उपाय आहेत: सेन्सरवर सावलीचा छोटा पूल बांधायचा, किंवा ट्रॅकखाली रीड स्विच बसवून गाडीतल्या चुंबकालाच फेरी मोजायला लावायचे. दुसरा उपाय स्वस्त आहे, पाण्याला भीत नाही, कारण रीड स्विच काचेच्या बंद नळीत असतो, आणि तांब्याच्या ट्रॅकवर बेकार ठरलेल्या चुंबकाला त्यात काम मिळते.