आत्याचा कॅन्सर, मावशीचा कॅन्सर: घराण्याचा इतिहास कसा वाचायचा?

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. "माझ्या आत्याला चाळिशीत ब्रेस्ट कॅन्सर झाला. आई म्हणते, ते बाबांच्या घराण्यातलं आहे, मुलीला आईकडचं येतं. खरं आहे का?"

नाही, खरं नाही. आपल्याकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही दोन जीन्स पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करायला मदत करतात. त्यात जन्मजात बिघाड असेल, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. हा बिघाड बाबांकडेही असू शकतो. त्यांना स्वतःला काहीही झालेलं नसतं, तरी प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो की मुलगी, सारखीच.

आता घाबरू नका. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे थेट वारशाने आलेले असतात. आई किंवा सख्ख्या बहिणीला झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, पण दुप्पट म्हणजे 'होणारच' असं नव्हे. आणि याची दुसरी बाजूही ऐका: ज्यांना हा कॅन्सर होतो, त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. म्हणजे 'आमच्यात नाही' म्हणून तपासणी टाळायची नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट

१८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशीच घराणी अभ्यासली, आणि २००० मध्ये त्या मूळ घराण्यातलं बिघडलेलं जीन सापडलं. यालाच आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

यात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर एकाच घरात दिसतो. काकांना आतड्याचा, आत्याला गर्भाशयाचा. आपल्याला वाटतं दोन वेगळे आजार. मूळ एकच असू शकतं.

कधी सावध व्हायचं?

- पन्नाशीच्या आत कॅन्सर झालेला असेल
- एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेला असेल
- एकाच व्यक्तीला दोनदा, किंवा दोन्ही स्तनांत
- अंडाशयाचा कॅन्सर, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर

मग करायचं काय?

घरात विचारा. मराठीत एक सोय आहे, आत्या की मावशी म्हटलं की बाजू लगेच कळते! पण 'कॅन्सर झाला होता का?' असं विचारलं तर कदाचित उत्तर मिळणार नाही. 'गाठ होती', 'पोटाचं दुखणं होतं' एवढंच सांगतात. मुलींची लग्नं ठरायची म्हणून कित्येक घरांत हे लपवलेलं असतं. म्हणून कुठल्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी, हे दोन प्रश्न शांतपणे विचारा. कपाटातली जुनी फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला तर फोटो काढून ठेवा.

हे सगळं डॉक्टरांना दाखवा. आई-वडील किंवा भावंडांना आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपी साधारण चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. लिंच सिंड्रोम असेल तर त्याहूनही लवकर. या तपासणीत आतड्यातले पॉलिप, म्हणजे छोटे कोंब, कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. आणि शौचातून रक्त जात असेल तर 'मूळव्याध असेल' म्हणून सोडून देऊ नका.

जीनची टेस्ट मात्र मनाने करू नका. शक्य असेल तर आधी ज्याला कॅन्सर झालाय त्याची करतात. बिघाड सापडला, की बाकीच्यांनी नेमकं काय तपासायचं ते कळतं. त्याआधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

तर या आठवड्यात एक फोन करा. आजी असेल तर आजीला, नाहीतर घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्याला किंवा मावशीला. जे कळेल ते भावंडांनाही सांगा, कारण वारसा त्यांचाही आहे. भेटू पुढच्या भागात!