पेटीतल्या कॅसेटी

पाऊस सरला की आमच्या धानोऱ्यात घरोघरी पेट्या उघडतात. पावसाळाभर दमटलेल्या गोधड्या, कपडे, पुस्तकं अंगणात उन्हाला पडतात. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मीही एक पत्र्याची पेटी उघडली. ती मात्र ओसरीच्या सावलीतच ठेवली, कारण तिच्यात कॅसेटी होत्या आणि कॅसेटीला ऊन सोसत नाही. मोजल्या, ११२ भरल्या. लेक म्हणाली, "अब्बू, ही सगळी गाणी मोबाइलवर आहेत. भंगारवाल्याला देऊन टाका." मी म्हटलं, देऊ, पण आधी प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकीन. त्या ऐकण्यातून जे उमगलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी 'अल्बम' या शब्दाविषयी. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. लांबलचक रचना चार-पाच तबकड्यांवर पसरायची. त्या तबकड्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत ठेवत, म्हणून फोटोंच्या वहीसारखं तिलाही अल्बम म्हणू लागले. १९४८ साली अमेरिकेत एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. वही गेली, नाव राहिलं. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. आमचा गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला १९८२ साली. जिल्हा आणि टेपरेकॉर्डर आमच्या घरी जवळजवळ बरोबरच आले म्हणा ना.

अब्बा तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी होते. एका हंगामाच्या कमाईतून त्यांनी टू-इन-वन घेतला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. वीज असली तर विजेवर, नसली तर सेलवर. त्यांनी आणलेली पहिली कॅसेट उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. खाँसाहेब उत्तरेतल्या किराण्याचे, पण मिरजेचे होऊन राहिले. १९३७ साली वारले, तेही मिरजेतच विसावले. त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर त्यांनी ख्याल, ठुमरी गायली, तशी मराठी नाट्यपदंही गायली. आमच्या घरात हिंदुस्थानी, शाळेत मराठी. एका गळ्यात दोन्ही सुखाने नांदतात हे मला प्रथम त्या कॅसेटने दाखवलं. पुढे मी पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट घेतली. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेनजी. म्हणजे अब्बांच्या कॅसेटमधला आवाज माझ्या कॅसेटमधल्या आवाजाचा आजा. दोन्ही कॅसेटी पेटीत वर्षानुवर्षं शेजारी होत्या. हे नातं मला गेल्या वर्षी, दोन्ही लागोपाठ ऐकताना जाणवलं.

पूर्ण अल्बम ऐकण्यात हा फायदा असतो. मोबाइलवर आपण आवडतं एक गाणं वेचतो आणि पुढे जातो. कॅसेटमध्ये पुढे सरकवायचा कंटाळा, म्हणून न आवडलेलंही ऐकलं जायचं. काही गझला मला तिसऱ्या-चौथ्या वेळी कळल्या. सुरेश भटांच्या गझला भीमराव पांचाळे यांच्या तोंडून अशाच ऐकल्या. शेराची पहिली ओळ दोनदा-तीनदा घोळवून, श्रोत्याला थांबवून धरून, मग दुसरी ओळ सोडायची, हे वृत्ताच्या पुस्तकात सापडत नाही. माझ्या कवितेचं बरंचसं शिक्षण बी.ए.च्या वर्गाबाहेर, या पेटीपाशी झालं.

आता चुकीची गोष्ट सांगतो. कॉलेजात असताना एका मित्राकडे जगजीत आणि चित्रा सिंग यांची १९७६ सालची 'दि अनफर्गेटेबल्स' होती. मला ती भरून घ्यायची होती आणि कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. घरातली एक जुनी साठ मिनिटांची कॅसेट उचलली आणि तिच्यावर गझला भरल्या.

भरणं म्हणजे काय होतं पाहा. कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते. प्लॅस्टिकच्या त्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर असतो. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने ती हेडसमोरून सरकते आणि आवाज त्या थरावर चुंबकाच्या खुणांनी उमटतो. रेकॉर्डचं बटण दाबलं की आधी पुसणारं हेड जुन्या खुणा साफ करतं, मग दुसरं हेड नव्या उमटवतं. पुसलेलं परत येत नाही.

गेल्या वर्षी ती कॅसेट लावली. कॅसेटची बाजू तीस मिनिटांची, अल्बमची बावीसेक. गझला संपल्या. टक् असा आवाज झाला, थोडी खरखर, आणि एकदम बायकांचं हसू ऐकू आलं. मग एका म्हातारीने गाणं धरलं आणि बाकीच्यांनी झेललं. रेला! मे महिन्यातली फळीवरची संध्याकाळ होती ती. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे मोजून घेईपर्यंत गोंड बायका मोहाखाली बसून गात आणि अब्बांनी ते टेप करून ठेवलं होतं. त्यांच्या गाण्यामागे एक पुरुषाचा आवाज सारखा आकडे म्हणत होता. तो अब्बांचा. अब्बा २००३ साली गेले. त्यांचे फोटो घरात सात-आठ आहेत; आवाज हा एवढाच. बाकीची बावीस मिनिटं मी पुसली होती, तीही आज कोणत्याही मोबाइलवर मिळणाऱ्या गझलांसाठी.

ती आठ मिनिटं घेऊन मी त्या गावी गेलो. म्हातारीच्या नातवाने पहिल्याच ओळीला आजीला ओळखलं. ज्याला मी आजवर लग्नाचं गाणं समजत होतो ते पेरणीचं निघालं. इतकी वर्षं शेजारी राहून मी अर्थ विचारला नव्हता.

म्हणून सांगतो, पेटी उघडाल तेव्हा दोन ढीग करा. एकात बाजारातून आणलेल्या कॅसेटी, दुसऱ्यात घरी भरलेल्या. माझ्याकडे ९८ आणि १४ निघाल्या. पहिल्या ढिगातलं बहुतेक जगात कुठेतरी सुरक्षित आहे. दुसऱ्यातलं तुमच्याशिवाय कुणाकडे नाही, म्हणून तो आधी हाती घ्या. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका. हेड खराब होतं आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटींना लागते. आधी कोरड्या हवेत सुकू द्या. टेपचं हेड कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. नव्वद मिनिटांची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा. फीत आत दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळला असेल तर स्क्रू काढून फीत दुसऱ्या खोक्यात घालता येते. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडा आणि ऑडासिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवाज उतरवा. प्रती दोन ठेवा, दोन वेगळ्या घरांत. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही.

एक गोष्ट आणखी. आवाज सापडला की लोक तो लगेच इंटरनेटवर टाकतात. आमच्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्यासाठी देशभर ओळखलं जातं. त्या तालुक्यात राहून एवढं तरी शिकावं, की गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचा आवाज वाटू नये. मी विचारलं. नातू म्हणाला, "सध्या आमच्याकडे अन् तुमच्याकडेच राहू द्या." तसंच ठेवलं आहे.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन बारीक जिभा असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. इतक्या वर्षांपूर्वी कुणी मला हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या कॅसेटच्या दोन्ही जिभा मी आता मोडल्या आहेत. तुमच्याही पेटीत अशी एखादी असेल. या दिवाळीच्या साफसफाईत तेवढं पाहून घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)